चार दांड्या आहेत, स्पीड नाही: गोव्यातले बँड, टॉवर आणि अँटेना

कुळागरकार | शुक्रवार, रात्री ९:१२
घर फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला. समोर उतारावर कुळागर (माडा-पोफळींची बाग), पाठीमागे सडा (सपाट माथ्याचं पठार) आणि सड्यावर टॉवर, डोळ्यांना दिसतो इतका जवळ. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), पुढे मंगळुरी कौलं, मागच्या स्लॅबवर पावसासाठी पत्रे. बलकांवात (पुढच्या ओसरीत) फोर-जीच्या चार दांड्या, पण संध्याकाळी स्पीड १-२ एमबीपीएस. सकाळी जरा बरा. स्वयंपाकघरात कॉलच तुटतो. वायफायसाठी फायबर अजून वाड्यावर आलेलं नाही.
आता ऑनलाइन मिळतो तो बूस्टर लावायचा, सिम बदलायचं, की राउटर आणि बाहेरची अँटेना घ्यायची? आणि टॉवर डोळ्यांना दिसत असताना हे असं का? जाणकारांनी सांगावं.

डेसिबल | शुक्रवार, रात्री ९:४०
दांड्या विसरा. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्याला काही मानक नाही. एकाच जागी दोन फोन दोन आणि चार दांड्या दाखवतात.
पैसे घालायच्या आधी चार आकडे द्या: आरएसआरपी (सिग्नलची ताकद), आरएसआरक्यू (सिग्नलचा दर्जा), एसआयएनआर आणि ईएआरएफसीएन (फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे त्याचा क्रमांक). आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांवर *#००११# चालतो. बाकी अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टरसारखं ॲप घ्या. काही फोनांत ते टायमिंग ॲडव्हान्सही (टॉवर किती दूर ते सांगणारा आकडा) दाखवतं, तो आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं.
ढोबळ मापं अशी: आरएसआरपी उणे ८० ते ९० उत्तम, उणे १००पर्यंत ठीक, उणे ११०च्या खाली रखडत, उणे १२०ला संपलं. ही झाली ताकद. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती, आणि स्पीड ठरतो तो यावर. २०च्या वर झकास, १० चालेल, ३-४ला फोन कसाबसा बोलतो. ताकद चांगली आणि एसआयएनआर वाईट, हीच चार दांड्यांची फसवणूक.
बलकांव, स्वयंपाकघर आणि स्लॅब, तिन्ही ठिकाणचे आकडे घ्या.

पेज_आणि_पापड | शुक्रवार, रात्री ९:५१
आमच्याकडे एकच दांडी, ती कुत्र्यासाठी. 🙂

कुळागरकार | शनिवार, सकाळी ८:०५
घ्या आकडे. एकच सिम, एकच फोन.
बलकांव: ईएआरएफसीएन ३९१५०, आरएसआरपी उणे १०४, आरएसआरक्यू उणे १४, एसआयएनआर ३, टायमिंग ॲडव्हान्स ५२.
स्लॅबच्या उघड्या कडेला, पत्र्याबाहेर: ईएआरएफसीएन २५००, आरएसआरपी उणे ९२, एसआयएनआर ९, टायमिंग ॲडव्हान्स ८.
स्वयंपाकघर: तोच २५००, उणे ११३, एसआयएनआर १.

डेसिबल | शनिवार, सकाळी ८:५०
उणे १०४ला चार दांड्या! फोन बनवणारा भलताच आशावादी दिसतो.
हे दोन वेगळे टॉवर आहेत. टायमिंग ॲडव्हान्सची एक पायरी म्हणजे साधारण ७८ मीटर. ८ म्हणजे सव्वासहाशे मीटर, हा तुमचा सड्यावरचा. ५२ म्हणजे चार किलोमीटर, हा दरीपलीकडचा कुठला तरी. बलकांवात बसून तुम्ही डोक्यावरचा टॉवर सोडून दूरच्याशी बोलताय.
बँड (फ्रिक्वेन्सीचे ठरलेले पट्टे) बघायचे तर ईएआरएफसीएनचे पट्टे लक्षात ठेवा. ० ते ५९९ बँड १, म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ. १२०० ते १९४९ बँड ३, १८००चा. २४०० ते २६४९ बँड ५, ८५०चा. ३४५० ते ३७९९ बँड ८, ९००चा. ९२१० ते ९६५९ बँड २८, ७००चा. ३८६५० ते ३९६४९ बँड ४०, २३००चा. त्याच्या पुढे ४१५८९पर्यंत बँड ४१, २५००चा. तेव्हा बलकांवात तुम्ही २३००वर आहात, स्लॅबवर ८५०वर.

चिरेबंदी | शनिवार, सकाळी ९:३०
मग ८५०वर राहिलं की काम झालं ना? कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि भिंतीतूनही शिरते, असं सगळे सांगतात.

आरएफवाला | शनिवार, सकाळी १०:१५
@चिरेबंदी, अर्धं खरं.
मोकळ्या जागेत फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की हिशोबात ६ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या चढउताराचं माप) जातात. ८५०वरून २३००वर गेलात की साडेआठ डीबी. त्याहून मोठा फरक पडतो तो आडोशाने. ८५०ची लहर ३५ सेंटीमीटरची, ती सड्याच्या कडेवरून, घराच्या कोपऱ्यावरून बऱ्यापैकी वळते. २३००ची १३ सेंटीमीटरची, ती तेवढी वळत नाही, आणि माडा-पोफळींच्या झावळांत, ओल्या चिऱ्यात जास्त जिरते.
पण रस्ता लांब जातो म्हणून रुंद असतो असं नाही. स्पीड येतो तो रुंदीतून. ८५०ला कंपनीकडे बहुधा ५ किंवा १० मेगाहर्ट्झ असतात. दोन अँटेनांच्या साध्या फोर-जीवर ५ मेगाहर्ट्झला जास्तीत जास्त ३७ एमबीपीएस, १०ला ७५, २०ला १५०. २३०० टीडीडी असतो, म्हणजे एकाच पट्ट्यात आळीपाळीने जाणं-येणं, तरी २०मध्ये डाउनलोडला ११०च्या आसपास निघतात. आणि हे आकडे अख्ख्या सेक्टरचे (टॉवरच्या एका बाजूच्या सगळ्या फोनांचे मिळून)! संध्याकाळी सातनंतर सगळा गाव क्रिकेट बघायला लागला की ३७चे वाटे घाला.
म्हणून नेटवर्क फोनला सांगून ठेवतं की रुंद बँडला प्राधान्य द्या. ठरवलेल्या मर्यादेच्या वर आहे तोवर फोन २३००ला चिकटून राहतो, ८५० कितीही ठणठणीत असला तरी. बलकांवात हेच चाललंय.

सड्यावरचो | शनिवार, सकाळी ११:०२
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला: टॉवर दिसतो, तरी त्याचा २३०० का मिळत नाही?
टॉवरच्या पॅनेलचा (अँटेनाच्या फळीचा) झोत उभ्या दिशेने फार अरुंद असतो. दोन मीटरचं पॅनेल ८५०ला साधारण १० अंश उंचीचा झोत देतं, १८००ला ५, २३००ला जेमतेम ४. सडा खालच्या घरापेक्षा ८० मीटर उंच आणि टॉवर ४० मीटरचा धरला तर ६०० मीटरवर १२० मीटरचा उतार, म्हणजे सुमारे ११ अंश. पॅनेल ५ अंश खाली वाकवलेलं असेल तर २३००चा झोत ३ ते ७ अंशांत संपला. तुमच्या कौलांवरून तो सरळ पुढच्या गावाला गेला. आग्वादच्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी उभं राहून उजेड शोधण्यातली गत. ८५०चा झोत जाड, त्याची कड ११ अंशांपर्यंत लागते, म्हणून तो मिळतो.
सत्तरी, सांगे, धारबांदोडा, जिथे जिथे टॉवर सड्यावर आणि वाडा दरीत, तिथे हा प्रकार हमखास. टॉवर हलवायची गरज नसते, झोत आणखी वाकवला की भागतं. पण वाकवला की पुढच्या गावाचं जातं, मग ते बोंब मारतात.
आणि पत्रे! ते नेमके मागे, सड्याच्या बाजूला. लोखंडी पत्र्यातून काहीही आरपार जात नाही. स्वयंपाकघर त्याच्या सावलीत आहे.

मांडवीकाठ | शनिवार, दुपारी १२:२०
दूरच्या टॉवरची गोष्ट दिवाडी-चोडणला, मांडवीतल्या बेटांवर, आणखी ठळक दिसते. पाण्यावरून सिग्नल अडथळ्याविना येतो, नदीपलीकडचे तीन-चार टॉवर सारख्याच ताकदीने ऐकू येतात आणि कुणीच वरचढ नसतो. आरएसआरपी उणे ८५, एसआयएनआर शून्य. अशा ठिकाणी घराची बाजू बदलली की काम होतं. नदीकडे पाठ असलेल्या खोलीत ताकद घटते आणि स्पीड वाढतो. चमत्कारिक वाटतं, पण आहे तसंच.

नुस्तें_प्रेमी | शनिवार, दुपारी १२:४१
म्हणजे नदीचा देखावा की रील्स, एकच काय ते निवडा.

चिरेबंदी | शनिवार, दुपारी १:१०
पावसात सिग्नल जातोच जातो पण. जूनमध्ये पाऊस धरला की रेंज गायब.

आरएफवाला | शनिवार, दुपारी २:००
जातो, पण फोन आणि टॉवर यांच्यामधल्या पावसाने नव्हे. २३०० मेगाहर्ट्झला धो धो पावसातही किलोमीटरमागे डीबीचा दशांश जात नाही.
खरे आरोपी वेगळे. एक, भिजलेली पानं. माड, काजू, पोफळी ओल्या झाल्या की शोषण वाढतं, आणि गोव्यात जूननंतर रानही दाट होतं. दोन, भिंती. जांभा सच्छिद्र, तो पाणी धरून ठेवतो. ऑगस्टमधली भिंत आणि एप्रिलमधली भिंत सारखी नाही. तीन, टॉवरचा मागचा दुवा. जिथे फायबर नाही तिथे टॉवर मायक्रोवेव्ह डिशने जोडलेला असतो. २३ गिगाहर्ट्झच्या दुव्यात तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत किलोमीटरमागे १० डीबीच्या वर जातात. मग दांड्या पूर्ण आणि डेटा शून्य. चार, वीज. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली आणि जनरेटर नसला की संपलं.
कुठला आरोपी ते ओळखणं सोपं. आरएसआरपी तोच आणि डेटा मेला तर मागचा दुवा. आरएसआरपी हळूहळू ५-६ डीबी उतरला तर पानं-भिंती. सेल आयडीच (टॉवरचा ओळखक्रमांक) नाहीसा झाला तर वीज.

हरमलकर | शनिवार, सायंकाळी ५:३३
पाऊस नसताना, एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर पहाटे २३०० बिघडतो आणि ऊन चढलं की सुधारतो, ते काय प्रकरण?

आरएफवाला | शनिवार, सायंकाळी ६:२०
हा प्रश्न माझ्या आवडीचा.
पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रावर खाली दमट हवा आणि वर कोरडी, गरम हवा, असे थर बसतात. त्या थरात लहर अडकते आणि पृथ्वीची वक्रता धरून शेकडो किलोमीटर जाते. रात्री-पहाटे याचा जोर असतो, जमिनीजवळचे थर ऊन लागलं की मोडतात. समुद्रावरचे जास्त टिकतात.
त्रास टीडीडीला का? त्यात सगळे टॉवर एका घड्याळावर चालतात: सगळे एकदम बोलतात, मग थोडी विश्रांती, मग सगळे एकदम फोनचं ऐकतात. सिग्नलला ३ किलोमीटर जायला १० मायक्रोसेकंद लागतात. विश्रांती १४३ मायक्रोसेकंदांची ठेवली असेल तर ४३ किलोमीटरच्या पलीकडच्या टॉवरचं बोलणं इथल्या ऐकण्याच्या वेळात येऊन पडतं. फोन २०० मिलिवॉटने कुजबुजतोय आणि वरून दूरच्या टॉवरचा आवाज. अपलोड मेला की डाउनलोडही अडतो, कारण पोचपावत्या जात नाहीत. म्हणून दांड्या भरलेल्या आणि पान उघडत नाही. ८५०, ९००, १८०० हे एफडीडी. त्यांची जाण्या-येण्याची फ्रिक्वेन्सीच वेगळी असते, त्यांना हा रोग होत नाही. त्या वेळात बँड ४० बंद करता येत असेल तर करा.

पेज_आणि_पापड | शनिवार, सायंकाळी ६:३५
म्हणजे समुद्रापलीकडचे लोक बोलतात आणि आमचं व्हॉट्सॲप अडतं. बरें आसा!

मोरजीचो | शनिवार, रात्री ८:१०
किनाऱ्याचं दुखणं वेगळंच. डिसेंबर अखेरीस आरएसआरपी उणे ७५ आणि यूपीआय फिरत बसतं. दुकानदारांना काय करता येईल?

सड्यावरचो | शनिवार, रात्री ८:५५
ही गर्दी आहे, कव्हरेज नव्हे. अँटेना, बूस्टर, काही उपयोग नाही. फोन फाइव्ह-जी असेल तर तो चालू ठेवा: ३३०० मेगाहर्ट्झचा एन७८ (फाइव्ह-जीचा बँड) मोकळ्या किनाऱ्यावर चांगला चालतो आणि त्याची रुंदी १०० मेगाहर्ट्झपर्यंत असते. नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम दुसऱ्या खाचेत तयार ठेवा. दुकानात फायबर असेल तर क्यूआरचा साउंडबॉक्स वायफायवर चालणारा घ्या, सिमवर अवलंबून राहू नका.

गल्फरिटर्न | शनिवार, रात्री ९:२०
मग @कुळागरकार यांनी सरळ फाइव्ह-जी फोन घ्यावा की.

डेसिबल | शनिवार, रात्री १०:०४
दरीत एन७८? लहर साडेआठ-नऊ सेंटीमीटरची. २३०० पोचत नाही तिथे ३३०० काय पोचणार.
जुलै-ऑगस्ट २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्झही घेतला, त्यावरचा एन२८ दरीत पोचू शकतो, पण तोही १०च मेगाहर्ट्झचा. बीएसएनएलचं फोर-जीही ७०० आणि २१००वर आहे. फोनच्या तपशिलात बँड २८ आणि एन२८ लिहिलेले आहेत का ते बघा.
आणि बाहेरून आणलेल्या फोनांबद्दल: दुबई, लिस्बन, लंडनहून आलेल्या फोनाचा मॉडेल क्रमांक शोधून बँड ५, ८, ४० आहेत का ते आधी तपासा. बँड ५ नसला तर दरीत तो फोन फक्त फोटो काढायचा. बँड असूनही काही मॉडेलांत इथल्या नेटवर्कवर व्होल्टी (फोर-जीवरून कॉल) चालू होत नाही. जिओचं टू-जी, थ्री-जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नाही तर कॉल नाही.

चिरेबंदी | रविवार, सकाळी ९:००
बूस्टरबद्दल कोणीच बोललं नाही. तीन-चार हजारांत मिळतो, तीन अँटेनांची चित्रं पण असतात.

आरएफवाला | रविवार, सकाळी ९:४५
नका घेऊ. परवान्याशिवाय रिपीटर, म्हणजे हाच बूस्टर, लावणं, बाळगणं, विकणं भारतात बेकायदेशीर आहे. ऑनलाइन मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही.
कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या घरात तो चालणारच नाही. बूस्टर ६५ डीबीने वाढवतो, तर बाहेरची आणि आतली अँटेना यांच्यामध्ये ७५-८० डीबीचा आडोसा हवा. कौलारू घरात तो २०-३० डीबी मिळाला तरी पुष्कळ. मग बूस्टर स्वतःचंच ऐकून शिट्टी मारायला लागतो, म्हणजे अखंड गोंगाट सोडतो, तोही टॉवरच्या ऐकण्याच्या पट्ट्यात. अख्ख्या सेक्टरची ऐकण्याची क्षमता जाते. गावाचा फोन बंद पडतो आणि शोधपथक यंत्र घेऊन दारात येतं.

सड्यावरचो | रविवार, सकाळी १०:३०
+१. उपाय राउटरचाच. दोन रस्ते आहेत.
पहिला: घरातला फोर-जी राउटर, दोन एसएमए (बाहेरच्या अँटेनाच्या) सॉकेटवाला, आणि बाहेर दिशादर्शक अँटेना. ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झची लॉग-पिरिऑडिक (एकाच अँटेनात बरेच बँड पकडणारी) घ्या, ९-१० डीबीआयची (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती वाढवते ते). एक नव्हे, दोन. एक डावीकडे ४५ अंश कलती, दुसरी उजवीकडे, नाहीतर माइमो (दोन अँटेनांवर एकदम डेटा) गेला आणि स्पीड अर्धा. खरी मेख केबलची. आरजी-५८ची १० मीटर केबल २३००ला जवळजवळ १० डीबी खाते, म्हणजे अँटेनाची सगळी कमाई केबलने गिळली. एलएमआर-४०० तेवढ्याच लांबीला सव्वादोन डीबी.
दुसरा: बाहेरच लावायचा राउटर, अँटेना त्याच्या पोटात, खाली फक्त कॅट-६ केबल, त्यातूनच वीज. ती १०० मीटरपर्यंत नेली तरी सिग्नल घटत नाही. गोव्याच्या हवेत मी तरी हाच सांगेन.

केबलटीव्ही | रविवार, सकाळी ११:१५
आरजी-५८ कशाला? डिशची आरजी-६ लावा. २ गिगाहर्ट्झला मीटरमागे ०.३ डीबी, स्वस्त आणि प्रत्येक बाजारात.

डेसिबल | रविवार, सकाळी ११:४०
ती ७५ ओहमची, राउटर ५० ओहमचा.

केबलटीव्ही | रविवार, सकाळी ११:५२
त्या विसंगतीने जातात ०.२ डीबी. आरजी-५८ दहा मीटरला १० खाते. गणित करा की!

डेसिबल | रविवार, दुपारी १२:१०
मान्य. अडचण फक्त कनेक्टरची. एफ (डिशच्या केबलचा कनेक्टर) ते एसएमए ॲडॅप्टर धड मिळत नाहीत, आणि लोंबती जाड केबल राउटरचं सॉकेट उपटते. मध्ये वीतभर मऊ केबलचा तुकडा टाका.

आल्मेद_नको | रविवार, दुपारी ४:००
सगळे टॉवर गावात पाहिजेत आणि रेडिएशनचं काय? आमच्या ग्रामसभेत...

संपादक | रविवार, दुपारी ४:१८
यावर स्वतंत्र धागा काढा, इथे नको.

आरएफवाला | रविवार, दुपारी ४:३०
एकच वाक्य, मग थांबतो. भारतातली मर्यादा सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, तरंग संचार पोर्टलवर जवळचे टॉवर बघता येतात, आणि टॉवर जितका दूर तितका कानाजवळचा फोन जास्त ताकदीने ओरडतो.

कुळागरकार | पुढचा शनिवार, सायंकाळी ६:४०
बाहेरचा राउटर आणला. स्लॅबच्या कडेला दीड इंची जीआय पाइप उभा केला, राउटर पत्र्याच्या दीड मीटर वर, तोंड सड्याकडे आणि १० अंश वर. आपोआप सोडल्यावर तो पुन्हा दूरचा २३००च धरत होता. सेटिंगमध्ये बँड ४० काढला, ३ आणि ५ ठेवले. आता बँड ३ मिळतो, आरएसआरपी उणे १०१, एसआयएनआर १२, सोबत बँड ५ जोडलेला. संध्याकाळी २०-२५ एमबीपीएस, अपलोड ८. स्वयंपाकघरात फोन वायफाय कॉलिंगवर, कॉल तुटत नाही.
दोन शंका. पाइपला अर्थिंग लागेल का? आणि कंपनीकडे झोत वाकवायची मागणी करता येते का?

सड्यावरचो | पुढचा शनिवार, रात्री ८:१५
१८०० झोताच्या बाहेरच्या पाकळीतून (मुख्य झोताबाहेर सांडणाऱ्या कमजोर भागातून) मिळतोय, म्हणून ताकद बेताची. पाइप इकडेतिकडे अर्धा मीटर सरकवून बघा, ३-४ डीबी सुटे सापडतात. शोधताना स्पीडटेस्ट नको, एसआयएनआर बघा. स्पीड गर्दीने हलतो.
अर्थिंग हवंच. मे आणि ऑक्टोबरमधली वीज पाइप शोधतच येते. पाइपला तांब्याची वायर, घराच्या अर्थिंगलाच जोडलेली, वेगळा खड्डा नको. कॅट-६ घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा). केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोल द्या, नाहीतर पाणी केबलवरून थेट राउटरच्या अडॅप्टरवर. कनेक्टरवर साधी इन्सुलेशन टेप नको, एकजीव होणारी रबर टेप ताणून गुंडाळा. क्लॅम्प स्टेनलेसचे.

डेसिबल | पुढचा शनिवार, रात्री ८:५०
मागणी करता येते. १९८वर तक्रार करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. ‘रेंज नाही’ एवढंच सांगितलंत तर फोन रीस्टार्ट करायला सांगून तक्रार बंद करतील. सेल आयडी, बँड, तिन्ही जागांचे आकडे आणि ५२ नि ८ हे टायमिंग ॲडव्हान्स लिहून द्या. बंद केलीच तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तोच डॉकेट नंबर घेऊन जा.

पेज_आणि_पापड | पुढचा शनिवार, रात्री ९:०२
@कुळागरकार, वायफायचा पासवर्ड व्यनि (खाजगी निरोप) करा. शेजारधर्म.